खोबरेलाचे ब्रेक

वात जरा खाली करा, धूर होतोय. हां. तर अण्णांची ती गाडी. अमेरिकन, तिसऱ्या हाताची, पण ब्रेक तेलाचे. सन पस्तीसमध्ये रत्नागिरीत असले ब्रेक आणखी कोणाकडे असतील तर मला ठाऊक नाही. अण्णा आंब्याचे मोठे बागाईतदार, मी त्यांचा ड्रायव्हर आणि मिस्त्रीही मीच. मार्गशीर्षात त्यांच्या उमाचं लग्न ठरलं घाटावरच्या मलकापूरच्या मुलाशी, आणि नवरदेवाला मांडवात आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुहूर्त गोरज. निघताना अण्णा मिशीत हसत म्हणाले, "केरू, गाडीचं तेलपाणी मी जातीनं पाहिलंय. तू नुसता हाक."

मलकापुरात रात्र काढून पहाटे निघालो. वऱ्हाड आदल्या दिवशीच सर्व्हिस मोटारीनं पुढं गेलेलं. गाडीत नवरदेव आणि त्याची आत्या, मथुराबाई. बाई भारी गमतीच्या. नवरदेवाला सारख्या विचारायच्या, "नाव घ्यायचा उखाणा पाठ झाला का रे?" आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

घाटमाथ्यावर आंबा गाव, तिथं चिमा नावाच्या बाईचं हॉटेल, त्याच्याशी थांबलो. ब्रेक तपासल्याशिवाय घाट उतरायचा नाही, हा माझा नेम. मलकापुरापासून रस्ता मोकळा, ब्रेकला पाय लावावा लागलाच नव्हता. आता पायडल दाबलं, तर दगड. हलेच ना.

आता ऐका. पायडल पोकळ लागलं तर नळीत हवा. हळूहळू खाली बसत गेलं तर तेल गळतंय. मी चारी चाकं चाचपली, सगळी कोरडी. मग मागचं चाक जॅकवर घेतलं, नवरदेवाला म्हटलं, "बसा माझ्या जागेवर, दाबा जोरात." त्यानं दात-ओठ खाऊन दाबलं, आणि चाक माझ्या हातात गरगर फिरतंय. म्हणजे पायातला जोर चाकापर्यंत जातच नाही. नळी तुंबली.

ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र, थिजलेलं. नाकाशी नेलं आणि कपाळावर हात मारून घेतला. खोबरेल. अण्णांच्या घरच्या घाण्याचं. रत्नागिरीच्या उकाड्यात ते पाण्यासारखं पातळ, आणि माथ्यावरच्या थंडीत मेणाचा गोळा. तेलाचे ब्रेक म्हटल्यावर त्या माणसानं जावयासाठी घरातलं उत्तम तेल ओतलं होतं. रागावू तरी कसा?

मथुराबाई म्हणाल्या, "मुहूर्त टळला तर पोर मांडवात उभी राहील हो, मिस्त्री." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. उमाला मी परकरात असल्यापासून पाहिलेली.

चिमाकडून एरंडेल घेतलं, इस्टो पेटवायचं स्पिरिट घेतलं. दोन्ही कालवून भरलं की काम भागतं, हे मी मुंबईच्या गॅरेजात शिकलो होतो. कढत पाण्याची फडकी नळ्यांना गुंडाळली, खोबरेल पातळ करून काढलं, नवं तेल भरलं. राहिली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकानं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा, मग पहिल्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत.

नवरदेवाला पुन्हा सीटवर बसायला सांगून मी गाडीखाली शिरलो. धुकं इतकं दाटलं की गाडीखालून मला माझे पाय दिसेनात.

"दाबा," मी ओरडलो.

वर गाडीच्या फळीवर दोनदा टकटक झालं. दाबलंय म्हणून. मुंबईच्या मिस्त्र्यांची पद्धत. नवरदेव हुशार निघाला, मी मनात म्हटलं. स्क्रू सैल केला, तेल फसफसत आलं. आवळला. "सोडा." टकटक.

एकदाही चुकला नाही. तीन चाकं झाली. गाडीखाली ओल्या घोंगडीचा वास भरून राहिला होता, पण धुक्यात सगळ्यालाच तो वास. चौथ्या चाकाला शेवटचा बुडबुडा निघाला, मी स्क्रू आवळला, आणि माझ्या मागून आवाज आला.

"मिस्त्री, चहा घ्या. आत्यानं मला मघाशीच पोहे खायला नेलं... तुम्ही हाक मारलीत का?"

नवरदेव. दोन्ही हातांत पेले.

मी हळूच बाहेर सरकलो. उठलो. दारातून आत पाहिलं. सीट रिकामी. आणि पायडल... पायडल खाली दाबलेलं. अर्ध्यावर. तसंच धरून ठेवलेलं.

सवयीनं तोंडातून निघालं, "सोडा..."

पायडल सावकाश वर आलं.

चिमा फडकी गोळा करत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती इतकंच म्हणाली, "झालं ना काम? मग निघा."

निघालो. नाही तर काय करणार, मुहूर्त कोणासाठी थांबतो? घाटातल्या प्रत्येक वळणावर माझा पाय पोचायच्या आधी पायडल खाली जात होतं. मी नुसता पाय वर ठेवून होतो. मागं मथुराबाई रुखवताची गाणी म्हणत होत्या, नवरदेव ताल धरत होता. घाटाखालच्या दगडी पाखाडीशी धुकं विरलं, ऊन आलं, आणि खरं सांगतो, भीती होती तरी मलाही हसू फुटलं. असा गाडीवान मला जन्मात मिळाला नव्हता.

दिवस कलायच्या आत मांडवात पोचलो. उमाचं तोंड पाहायला हवं होतं तुम्ही. अण्णांना खोबरेलाचं सांगितलं, तर ते इतके हसले की पगडी सावरावी लागली.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता घेऊन मांडवाच्या कडेला, गाडीशेजारी उभा. भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि गाडीच्या मागचा तांबडा दिवा लागला. ब्रेक दाबला की लागतो तो. विझला. पुढच्या 'सावधान'ला पुन्हा लागला. प्रत्येक वेळी, बरोब्बर.

नवरीची आई, यमुनाबाई, लगबगीनं जाताना म्हणाल्या, "केरू, गाडीत कोण बसलेत? लग्न लागतंय, त्यांना अक्षता दे की."

ताशे वाजले. सगळ्यांनी अक्षता उधळल्या. मी माझी मूठ उघड्या खिडकीतून आत टाकली, ड्रायव्हरच्या जागेवर.

एकही दाणा सीटवर पडला नाही.