वरच्या अंगाची घाण

आमच्या वस्तीचं पाणी का सडतंय, ते शोधायला आम्ही तिघे नदीच्या वरच्या अंगाला निघालो. वस्तीचं ते तिसरं वर्ष. बारा झोपड्या, एक लाकडाची गिरणी आणि तिची एकच मोठी करवत, एवढाच संसार. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास मारायचा. उकळलं की तो घरभर पसरायचा. हंड्याच्या तळाशी तपकिरी, शेंबडासारखं काहीतरी साचायचं. माझी दोन वर्षांची पुतणी पाच दिवस उलट्या करत होती आणि वहिनी तेच पाणी फडक्याने तिच्या ओठांना लावत होती. दुसरं आणणार कुठून?

दादा लेकीजवळ थांबला म्हणून त्याच्या जागी मी गेलो. मी ओंडक्यांवर घणाने खूण उमटवायचो आणि उरलेल्या वेळात वाचत बसायचो. लोक मला पुस्तकी किडा म्हणायचे. ही निवड चुकतेय, असं मला निघतानाही वाटत होतं.

गिरणी उभारणाऱ्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता: पाणी गिरणीच्या वरच्या अंगाला भरायचं, भुसा खालच्या अंगाला टाकायचा. त्यामुळे घाण वरूनच येत असणार, यात कुणाला शंका नव्हती. "घळीत जनावर मेलंय," मिस्त्री म्हणाला आणि त्याने दोर, आकडा नि दोन रिकामे डबे वस्तीतल्या नावाड्याच्या होडीत टाकले; तो आमच्यातला तिसरा.

पहिल्या दिवशी चिखलातून होडी ओढताना जळवांनी आमच्या पायांची चाळण केली. मी एक उपटली, तर तिचं तोंड कातडीतच राहिलं आणि जखम दोन दिवस पू गाळत होती. नावाडी आपल्या जळवा मोजत चालला होता. माझ्यापेक्षा चार जास्त निघाल्या, तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घळ आली. दोन्ही कड्यांच्या मध्ये पुरात वाहून आलेले ओंडके एकमेकांवर चढून अडकले होते आणि वर बुळबुळीत शेवाळ माजलं होतं. जनावर असलंच तर त्याखाली. मिस्त्री आकडा घेऊन वर चढला. एक ओंडका हलला. मग दुसरा!

"मागे!" नावाडी ओरडला.

सगळा ढीग गडगडला! मिस्त्रीचा हात दोन ओंडक्यांमध्ये सापडला. मी दोर फेकला. चुकला! पुन्हा फेकला. त्याने तो दातांत धरला, हात हिसकून काढला आणि आम्ही त्याला काठावर ओढलं. दोन बोटं चेंदली होती. ती बघून मी झुडपामागे जाऊन ओकलो.

ढीग वाहून गेला. खाली काही नव्हतं. वाळू, गोटे आणि काचेसारखं पाणी.

"मिस्त्री, मेलेलं जनावर तुमच्या नाकातच असेल," नावाडी म्हणाला. कुणी हसलं नाही.

आम्ही दोन्ही डबे भरून परतलो. वाटेत एका धारेत एक डबा गेला. वस्तीच्या वरच्या वळणावर मी ओंजळ भरून वास घेतला. पाणी स्वच्छ होतं. तिथून दोनशे पावलांवर आमचा पाणवठा, आणि तिथे तीच दुर्गंधी. मिस्त्री फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून बघत राहिला. मधे ना नाला होता ना झोपडी.

मला ते दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक असायला हवं होतं.

"माझी टोपी गिरणीपाशी पाण्यात पडली होती," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी ती इथे सापडली. वर."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?" मिस्त्री खेकसला.

लोक हसतील असं वाटलं होतं, एवढंच. मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो. गिरणीसमोर नदी भोवरा घेत होती आणि काठालगतचं पाणी उलटं, वर चाललं होतं. पाणवठ्याचा तळ पायाखाली मऊ लागला. मी मांडीपर्यंत रुतलो. बुडबुडे फुटले, ढेकरासारखे, आणि त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. मूठ भरून वर काढली: काळा, चिकट, कुजलेला भुसा. आमचाच. तीन वर्षं आम्ही तो टाकत होतो आणि पीत होतो.

मिस्त्रीने तो हुंगला, थुंकला आणि गिरणी बंद करायला लावली.

उरलेल्या डब्यातलं पाणी वहिनीने पुतणीला चमच्याचमच्याने पाजलं. रात्री ती ओकली नाही. सकाळी तिने आणखी मागितलं. पाणवठा वळणाच्या वर गेला आणि भुसा रानातल्या खड्ड्यात.

तेव्हापासून वस्तीत नदीकाठी काहीही करायचं झालं तर आधी पाण्यात ढलपी टाकून ती कुठे जाते ते बघतात. ते काम मिस्त्रीने मला दिलं. अट एकच: ती कुठे गेली, ते सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं.

अजूनही ओरडताना माझे कान तापतात.