तळ्याकाठची भरलेली जागा

“तळ्याकाठची जागा कोणासाठी ठेवलीय?”

प्रश्न माझ्या मैत्रिणींचा होता. पण विचारायचा मी, आणि तोही समोरासमोर, अशी पैज लागली होती. “तू कसली विचारतेस,” मिरची म्हणाली होती, “तू तर दुकानात सुटे मागायलासुद्धा आईला पुढे करतेस.” मिरची माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, त्यामुळे तिला असलं बोलायचा हक्क आहे. शिवाय गेल्या वर्षीपर्यंत ते खरंही होतं. या वर्षी मात्र मी अख्ख्या शाळेसमोर स्टेजवर उभी राहून बोलले, एकदाही अडखळले नाही, आणि तेव्हापासून, आईच्या शब्दांत सांगायचं तर, माझ्या अंगात आलंय.

अंगात आलेलं असतानाच मी सहलीत राहायची जागा निवडायचं काम मागून घेतलं. एरवी ते बाबांचं. बाबा जागा निवडतात म्हणजे गाडी कुठे लावायची, डॉक्टर किती लांब आणि गादी कडक आहे का, एवढंच विचारतात. त्यांची पाठ गेली कित्येक वर्षं दुखते. घरी गादीखाली फळी आहे आणि सकाळी उठताना ते असा आवाज काढतात की शेजारच्यांना घड्याळाचा गजर लावायला नको. पण त्या पाठीपायी आम्ही दर वेळी डोंगरात जाऊन कुठल्यातरी खोलीच्या भिंती बघून परत यायचो.

माझा स्वार्थही होता. सुट्टीत शाळेचं गिर्यारोहण शिबिर असतं, महिनाभर, घरापासून पार लांब. मला जायचंच होतं. आई ‘नाही’ म्हणत नव्हती. ती ‘बघू’ म्हणत होती, जे जास्त वाईट. शेवटी बाबांनी तोड काढली. “आधी आपल्या चौघांना एक रात्र शांत झोप लागेल अशी जागा शोधून दाखव. मग शिबिराचं बोलू.”

मग मी जो अभ्यास केला तो गणितासाठी केला असता तर बाईंनी पेढे वाटले असते. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाबाहेर, रस्त्याला लागून खोल्या होत्या, स्वच्छ आणि कंटाळवाण्या. आत, वर, डोंगराच्या कुशीत एक कुरण होतं आणि त्यावर तंबूच्या जागा. मोबाइलवर त्याचा नकाशा दिसायचा. रिकामी जागा हिरवी, भरलेली लाल. सगळ्यात सुंदर जागा तळ्याच्या काठावर होती, आणि ती कायम लाल. आम्ही मैत्रिणी रोज मधल्या सुट्टीत बघायचो. लोकांनी काढलेल्या फोटोंमध्ये तळं असायचं, पलीकडचा सुळका असायचा, काठावर तंबू कधीच नसायचा. बर्फ पडून अख्खं उद्यान बंद झालं, तेव्हा बाकीच्या जागा नकाशावरून गायब झाल्या. ती एकटी तिथेच, लालच.

म्हणून तो प्रश्न.

आम्ही कुरणावर पोहोचलो तेव्हा कॅम्पवाल्या काकू जळणाच्या मोळ्या रचत होत्या. उंच, सडपातळ, केस पांढरे आणि चाल माझ्यापेक्षा तरतरीत. मोठी झाल्यावर मला असं दिसायचंय, हे मी बघताक्षणीच ठरवलं. त्यांनी हातमोजे काढले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “ठेवलेली नाही. भरलेली आहे.”

“पण तिथे कोणीच दिसत नाही.”

“हो,” त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. कोणी किती वाजले विचारलं तर सांगावं, तशा. “चला, बाकीच्या दाखवते.”

त्यांची जागा दाखवायची पद्धत वेगळी होती. तंबू नंतर. आधी सगळ्यांनी बूट काढून गवतावर आडवं व्हायचं, जसं झोपणार तसं. मग उठायचं आणि बाजूला उभं राहून बघायचं. दबलेलं गवत हळूहळू वर यायचं, एकेक पातं सरळ व्हायचं, आणि आपली आकृती पुसली जायची. पुसली गेली की काकू मान हलवायच्या आणि म्हणायच्या, “चालेल.”

मला ते जाम आवडलं. टिकलीलाही. टिकली म्हणजे माझी धाकटी बहीण. ती झोपते तेव्हा हातपाय चारी दिशांना फेकते, त्यामुळे तिची आकृती एखाद्या चांदणीसारखी उमटली.

“आणि गवत नाही उठलं तर?” मी विचारलं.

“मग मी दुसरी जागा दाखवते,” काकू म्हणाल्या.

पण दाखवलेल्यांपैकी एकही जागा धड नव्हती. एक संडासाच्या वाऱ्यावर, एक इतकी उतरती की सकाळी आम्ही दरीत सापडलो असतो, आणि एकीच्या शेजारी कसलातरी मोठा ग्रुप, सोबत गाणी लावायचा भलामोठा डबा. बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते.

“राणीसरकार,” शेवटी ते मला म्हणाले, “फाटकाजवळच्या खोल्या अजून रिकाम्या असतील.”

“बघू,” आई म्हणाली. तेच ‘बघू’.

एवढ्यात खाली नवीन गाडी आली आणि काकूंना जावं लागलं. जाताना त्या थांबल्या. “तळं बघायचं तर बघून या. बघण्यासारखंच आहे. गवतावर टेकू नका.”

बघण्यासारखं हा शब्द फारच लहान आहे. उंचवटा ओलांडला आणि आम्ही चौघं एकदम गप्प झालो. आमच्या घरात ही सोपी गोष्ट नाही. समोर तळं, इतकं स्थिर की सुळका त्यात उलटा उभा होता आणि खरा कुठला हे क्षणभर कळेना. दुपार कलली होती. ऊन कोवळं, मधाच्या रंगाचं. वारा मागे कुरणावरच राहिला. त्या ग्रुपची गाणी उंचवट्याच्या अलीकडे आलीच नाहीत, मधेच कापल्यासारखी थांबली. ओल्या दगडाचा आणि उन्हात वाळलेल्या गवताचा वास होता. मी आयुष्यात इतकी सुंदर जागा बघितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर अजूनही तेच म्हणेन.

काठावर गुडघाभर गवत होतं. आणि त्यात खळगे होते.

“ताई, इथे कोणीतरी झोपून गेलंय,” टिकली म्हणाली.

गवत दबलेलं होतं. एका ओळीत, शेजारी शेजारी. मी खाली वाकून हात लावला. ते वाळून पिवळं पडायला हवं होतं, पण तळापर्यंत हिरवंगार होतं. आणि कोमट. नुकतंच कोणी अंथरुणातून उठून जावं, तसं.

“हरणं बसत असतील,” बाबा म्हणाले. बाबांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं आणि ते नेहमी बरोबर असतं, म्हणून मला बरं वाटलं. मग मी पहिला खळगा बघितला. लांब, सरळ, आणि डोक्याशी एका बाजूला गवत कोपरासारखं दुमडलेलं. बाबा कपाळावर हात ठेवून झोपतात. त्याच्या शेजारचा खळगा कुशीवरचा होता, गुडघे पोटाशी घेतलेला. आई तशी झोपते.

त्याच्या पलीकडे चांदणी होती.

टिकली तिच्यात जाऊन पडलीसुद्धा. हातपाय फेकून. कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही.

“टिकले, ऊठ. काकूंनी सांगितलंय,” मी म्हणाले.

“थांब गं, जरा पडू दे तिला,” आई म्हणाली, आणि चपला काढून अलीकडच्या खळग्यात बसली. आई कुठेही बसण्याआधी जागा झटकते. तिने झटकली नाही. ती कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, आणि तिच्या हातातला मोबाइल सुटून गवतात पडला. तिने तो उचलला नाही.

“अहो,” ती म्हणाली, “या ना.”

बाबा खाली बसताना नेहमी आधी गुडघ्यावर हात ठेवतात, मग कण्हतात, मग बसतात. त्या दिवशी ते नुसते बसले. पाठ टेकली. कपाळावर हात घेतला. कोपर बरोबर त्या दुमडलेल्या गवतात गेलं. मग त्यांनी श्वास सोडला. तो किती लांब होता म्हणून सांगू. वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं काहीतरी त्यांनी खाली ठेवलं, असा.

“दुखत नाहीये,” बाबा म्हणाले. “अगं, अजिबात दुखत नाहीये.”

मला इतका आनंद झाला की मी भीती विसरले. हे सांगायलाच हवं. माझे बाबा न कण्हता झोपले होते, आईच्या कपाळावरची ती उभी आठी गेली होती, टिकली हसत होती, आणि समोर तो सुळका सोन्याचा होत चालला होता. आणि हे मी शोधलं होतं.

“छान निवडलीस हो,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “इतकं छान मला कधी जमलं नसतं.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मी काय काय केलं असतं.

“म्हणजे शिबिराला जाऊ?” मी विचारलं.

टिकलीचं हसू आवाज न होता तसंच राहिलं.

“शिबिर कशाला?” आई म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, लहानपणी ती मला ताप आल्यावर बोलायची तसा. “ये. तुझीपण आहे.”

होती. आई आणि टिकलीच्या मध्ये. मी आधी कशी बघितली नव्हती, कोण जाणे. पण ती माझी नव्हती. खूप लांब होती. खांदे रुंद, पाय माझ्या पायांच्या बऱ्याच पुढे गेलेले. एखाद्या मोठ्या बाईची.

“ही माझ्या मापाची नाही, आई.”

“वाढत्या अंगाची आहे,” आई म्हणाली. “पुरेल तुला.”

ती माझा गणवेश घेताना हेच म्हणते. बाह्या दोनदा दुमडून. दरवर्षी.

मी मागे सरकले.

“बाबा, उठा.”

“हं.”

“बाबा, काकू म्हणाल्या होत्या टेकायचं नाही. उठा, प्लीज.”

“पाच मिनिटं,” बाबा म्हणाले. त्यांचे ओठ फारसे हलले नाहीत.

मी टिकलीचा हात धरून ओढला. टिकलीला मी एका हाताने उचलते. तिचा हात कोमट होता, गवताइतकाच कोमट, आणि ती जागची हलली नाही. आकांत नाही, रडणं नाही. जड. जमिनीला धरून ओढावं, तसं.

उंचवट्यावर काकू उभ्या होत्या. त्या धावत आल्या असणार, कारण छाती वरखाली होत होती. पण वाट संपून गवत सुरू होतं तिथे त्यांचे बूट थांबले होते.

“तू आडवी झालीस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बसलीस?”

“नाही. काकू, तुम्ही या ना. तुम्ही सांगा त्यांना.”

“माझं ऐकायचे नाहीत,” काकू म्हणाल्या. “घरातलं जे माणूस अजून उभं असतं, त्याचंच ऐकतात.”

“नेहमी ऐकतात?”

काकूंनी माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या मोठ्या बाईने माझ्याशी खोटं बोलायचं टाळलं, म्हणून त्या मला आणखीच आवडल्या. “काय सांगतेस, त्यावर आहे,” त्या म्हणाल्या.

मी खूप काही सांगितलं. थंडी पडेल म्हणाले. गाडीचं दार उघडं राहिलंय म्हणाले. तळ्यातून साप आलाय, असंही म्हणाले.

“पडू दे,” बाबा म्हणाले.

“राहू दे,” आई म्हणाली.

“येऊ दे,” टिकली म्हणाली, तिच्या आवाजात, पण बाबांच्या चालीवर.

ऊन सुळक्याच्या टोकावर गेलं होतं. तळं अजून तसंच सुंदर होतं. मला तिथे राहायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझे पाय दुखत होते, आणि त्या लांब खळग्यातलं गवत फार मऊ दिसत होतं.

मग ते हललं.

वारा नव्हता. त्या रिकाम्या खळग्यात, टाचांच्या जागी, गवत थोडं आणखी खाली गेलं. मग गुडघ्यांच्या जागी. मग खांद्याशी, कडेला. कोणीतरी अंग चोरून एका कुशीवर व्हावं, आणि शेजारी माझ्यापुरती जागा करून द्यावी, तसं.

आई तिकडे बघून हसली.

काकू उभ्या होत्या त्या वाटेकडे मी वळले. स्टेजवर आवाज निघाला होता, म्हणून इथेही निघेल असं मी स्वतःला सांगितलं. एकेक शब्द सुटा काढला, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी शिबिराला जाणार आहे. महिनाभरच नाही, त्याच्यापुढेही. परत कधी यायचं ते मी ठरवीन, तुम्हाला विचारणार नाही, फोनही करणार नाही. आत्ता निघालेय. अडवायचं असेल तर उठून अडवा.”

मागे गवतात बाबा कण्हले, रोज सकाळी उठताना कण्हतात तसे.