जुना म्हणतो, तीन

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. खिडकी नाही, गारठा भरपूर, आणि मधोमध कपाटाएवढं एक घरघरणारं यंत्र. त्याला सर्व्हर म्हणतात. सगळ्या ऑफिसची माहिती त्याच्या पोटात.

त्या दुपारी एक आई तिथे काम करत होती. शाळेला सुट्टी, म्हणून लेकही सोबत, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड. एका जागी कधी ठरत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. आज मात्र ती बाकाच्या अगदी कडेला गप्प बसली होती.

आईचं काम नाजूक होतं. माहिती सांभाळणारे दोन वेगळे डेटाबेस एकाच सर्व्हरवर नांदवायचे. बिऱ्हाडं दोन, चूल एक. नवा भारी हावरट. सगळी मेमरी एकटाच गिळायचा, जुना उपाशी. आईने दोघांचे वाटे नेमून दिले, तशी जुन्याला तरतरी आली.

खोलीत किती माणसं आहेत हे दोघंही मोजत. नवा कार्डांवरून, जुना दाराच्या चौकटीतल्या सेन्सरवरून. दोघांचं जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही अट आईनेच घातलेली. कुणी चुकून मागे राहू नये म्हणून.

काम आटोपलं. आईने दाराला कार्ड टेकवलं. लाल दिवा.

तिने पडद्यावर पाहिलं. नवा म्हणत होता, दोन. जुना म्हणत होता, तीन.

आई हसली. पोटभर मिळालं तर लागला फुशारक्या मारायला, म्हणाली. तिने जुना बंद करून पुन्हा सुरू केला.

तीन.

मग तिने पहारेकरी काकांना फोन लावला. या दाराला किल्लीच नाही, ते म्हणाले. तुमचं हुशार दार आम्हाला कुठे विचारतं. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, मघाशी मी फोन केला तेव्हा उचलला कुणी? नुसता श्वास ऐकू येत होता."

खोलीतला फोन वाजलाच नव्हता.

आईने जुन्याच्या नोंदीत हाताने तिनाचे दोन केले. क्षणभर दोन राहिले. पुन्हा तीन. गारठा वाढला होता.

"आई, खोडू नकोस ना," भिंगरी हळूच म्हणाली. "त्यालाही बाहेर यायचंय."

आईने बाकाकडे पाहिलं नाही. नव्या डेटाबेसमध्ये तिने तिसरी नोंद केली. नावाची जागा रिकामी.

हिरवा दिवा.

आईने लेकीचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला बाहेर काढलं. उंबरठ्यावर भिंगरीने हात सोडवून घेतला. मागून कुणी येत असेल तर त्याच्या तोंडावर दार सोडू नये, हे आईनेच तिला शिकवलं होतं.

तिने दार धरून ठेवलं. थोडी बाजूला सरकली. तिची मान हळूहळू वळत बाहेरच्या जिन्याकडे गेली.

मग तिने दार अलगद सोडलं.