अस्तरातली फट

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो दुकानात पिशवीच्या चेनच्या रंगावरून हुज्जत घालत होता. तिनेच पाठवलं होतं. मोतिया रंगाची आणा, पांढरी आणलीत तर परत पाठवीन. तेवढ्यात शेजारच्या शिवणवाल्या वहिनींचा फोन आला. "भाऊजी, असाल तसे घरी या." मशीनवर बसल्या बसल्याच तिची मान कलंडली होती.

अर्धवट शिवलेली पिशवी तशीच राहिली. वर फुलांचं कापड, मधे कापसाचा थर, त्यावर गोधडीसारखे तिरके टाके. दिवस भरत आलेल्या लेकीसाठी शिवत होती ती.

"बाबा, आईच्या हातचं तेवढंच उरलंय," लेक फोनवर म्हणाली. "दवाखान्यात जाताना मला तीच हवी. रविवारी न्यायला येते."

"अगं, बाजारात ढिगाने मिळतात."

"बाबा!"

झालं. उभा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला माणूस मशीनवर बसला. सुई ओवताना त्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चेन दोनदा उलटी बसली. शेवटी अस्तर चारी बाजूंनी शिवून झालं, तसा तो वहिनींना नुसतं सांगायला गेला.

"अस्तराला फट ठेवलीत ना?" वहिनींनी विचारलं. "त्यातूनच तर पिशवी सुलट करायची."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलंत कुठे? तुमचं नेहमीचंच, सांगेल त्याला खाऊ की गिळू!"

तो तणतणत परतला, ब्लेड शोधलं आणि पिशवी उचलली. अस्तरात हात जाईल एवढी फट होती. उसवलेल्या दोऱ्याची बारीक गोळी मशीनच्या कडेला ठेवलेली. बायको ठेवायची तशी.

आपणच उसवलं असणार. डोकं ठिकाणावर कुठे आहे? त्याने गोळी फेकून दिली.

फटीतून कापड ओढत त्याने पिशवी सुलट केली. एक कोपरा मात्र आतच अडकला. काही केल्या निघेना.

"निघ ना बाई एकदाची!" तो खेकसला.

कोपरा आतून ढकलल्यासारखा बाहेर आला.

मग दुसराही आला. त्याला तर त्याने हात लावला नव्हता.

कापड जाड आहे, फुगणारच, असं स्वतःला बजावत तो फट शिवायला बसला. पहिला टाका घातला. सुई आत गेली आणि त्याच्या बोटांतून सुटली.

आतून कोणीतरी ओढून घेतली.

दोरा सरसरत आत गेला. जरा पुढे सुईचं टोक वर आलं, पुन्हा आत गेलं. बारीक, सरळ टाका. असा टाका त्याला या जन्मात जमला नसता.

फट मिटत चालली.

"अगं, काय करतेस?" तो ओरडला. "आधी बाहेर तर ये!"

सुई थांबली नाही. त्याने दोरा कापला, घातलेले टाके ओरबाडून काढले.

रविवारी लेकीने पिशवी मांडीवर घेतली. "एवढंसंच तर राहिलंय. द्या, मी शिवते."

"हात लावू नकोस."

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय. ठेव ती खाली."

ती रडत गेली. दवाखान्यात तिने बाजारातलीच पिशवी नेली.

अस्तराची फट शिवायची राहिली आहे. सुई आतच आहे.