पाणी पिणारी भिंत

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. पण जानकीराम माझा आतेभाऊ, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. सरकारी नोकरीत आयुष्यभर पूल आणि बांध बांधलेला इंजिनिअर. भूत समोर उभं राहिलं तर आधी ड्रॉइंग दाखव म्हणेल, असा माणूस.

गाव कुंभकोणम्. अरसलार नदीचा काठ.

आणि वेळ भर दुपारची.

या गोष्टीत रात्र नाहीच. जे घडलं ते लख्ख उन्हात घडलं. म्हणूनच मला ते जास्त छळतं.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. घरात आमची जुनी मराठी, 'करताहात'ला 'करूंलालांत' म्हणणारी, उंबऱ्याबाहेर तमिळ. जानकीरामने निवृत्त झाल्यावर नदीकाठी घर बांधलं. जागा सुंदर, पण मागचं अंगण थेट नदीकडे घसरत गेलेलं. म्हणून उतारावर त्याने काँक्रीटची संरक्षक भिंत घातली. सळ्या स्वतः तपासल्या, काँक्रीट ओतताना भिंतीपासून हलला नाही.

भिंतीत ओळीने पाइप ठेवले होते. पावसाचं पाणी मातीत मुरतं, ते त्या पाइपांतून बाहेर यावं म्हणून. पाण्याला वाट दिली नाही तर ते भिंतच ढकलून देतं. भिंत आणि मातीच्या मध्ये एक लांब चर मोकळा होता. त्यात भरायचे दगडगोटे काठावर येऊन पडले होते, भरायचे राहिले होते.

तेवढ्यात त्याची आई गेली.

त्रिपुरसुंदरी. माझी आत्या. शेवटी तिच्या किडन्या थकल्या होत्या, आणि डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं. ती हात पुढे करायची.

"जानू, थोडें पाणी दे रे."

तो ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायचा. त्याचा नाइलाज होता हो. पण तहानलेलं माणूस गेलं, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत, हे त्याच्या मनातून जाईना.

आमच्याकडे माणूस गेलं की एक दगड घेतात. जीवखडा म्हणतात त्याला. गेलेला जीव दहा दिवस त्या दगडात असतो आणि त्याला फार तहान लागते, असं मानतात. नदीकाठी लहानसा खड्डा करून दगड त्यात ठेवायचा. रोज नाव आणि गोत्र उच्चारून त्यावर तीळ आणि पाणी सोडायचं. दहाव्या दिवशी तो नदीत सोडायचा. मग जीव सुटतो.

नदीकाठ तर घराच्या मागेच होता. भटजींनी खड्डा तिथेच करवला. चराच्या कडेला.

सुतकाचे दिवस निम्मे झाले असतील. भर दुपारी आभाळ काळं झालं. चर उघडा. पाऊस कोसळला असता तर मातीचा कडा सुटून घराचा पाया उघडा पडला असता. जानकीरामने मागच्या दारातूनच स्वामीनाथ मेस्त्रीला हाक मारली.

"काठावर जे दगड आहेत ते सगळे चरात ओढा! पाऊस यायच्या आत!"

बोलला तो इंजिनिअर. मुलगा त्या क्षणी विसरला.

दुसऱ्या दिवशी तो तीळ-पाणी घेऊन मागे गेला...

खड्डा नव्हता.

सगळं सपाट. चर तोंडापर्यंत भरलेला, वर माती दाबलेली.

आईचा दगड आत गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, उकरायचं. पण पाऊस सुरू झाला होता. त्या ओल्या उतारावर चर पुन्हा उघडणं म्हणजे घर नदीत ढकलणं. हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? कोपऱ्यात चार-दोन गोटे उरले होते. त्याने त्यातला एक उचलला, नवा खड्डा केला आणि गप्प बसला. भटजींना सांगितलं नाही. बायकोला, गोमतीला, सांगितलं नाही. दहाव्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो भलताच दगड आईच्या नावाने सोडला.

"सुटली हो माउली," भटजी म्हणाले.

जानकीराम मान खाली घालून बाहेर आला.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. अरसलार काठोकाठ. अंगणात चिखल, झाडांची मुळं उघडी पडलेली. उघडीप झाल्यावर तो भिंत बघायला खाली उतरला. पाइपांतून धारा लागल्या असणार, ही त्याची खात्री.

पाइप...

कोरडे.

एकही ठिबकत नव्हता.

तो घाबरला. भुताला नव्हे, पाण्याला. पाइप तुंबले असतील तर मागे पाणी साठलंय, आज ना उद्या भिंत जाणार. त्याने एक लांब सळई पाइपात घातली. ती सरळ आत गेली. कुठे अडली नाही. बाहेर काढली तर टोकाला पांढरी धूळ.

एवढ्या पावसात, धूळ!

मग त्याने वरून पाण्याचा होज लावला. पाणी दगडांत जात राहिलं. बराच वेळ. खाली एक थेंब नाही. तो ओणवा झाला आणि त्याने पाइपाला कान लावला. पाणी झिरपल्याचा आवाज येतो का बघायला.

आधी काहीच नाही.

मग...

घुटका.

माणूस फार तहानेनंतर पितो ना, तसा. एक घुटका. मग दम घेतल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा घुटका.

जानकीरामने होज टाकला. तो उठून चार पावलं मागे आला. ऊन कडक होतं. नदीवर बगळे बसले होते. सगळं जिथल्या तिथे होतं.

आणि पाइपातून आलं...

"थोडें पाणी दे रे."

तो त्यानंतर रोज दुपारी भिंतीला पाणी घालू लागला. स्वतःच्या जेवणाआधी. गोमतीने काही दिवस पाहिलं, मग तिचं डोकं फिरलं.

"काय करूंलालांत हें? भिंत वाळली कधींची! लोक हंसूंलालेत."

तेव्हा तो मागच्या पायरीवर बसला आणि रडला. तिला सगळं सांगितलं. दगड, चर, भलताच दगड सोडला ते, आणि घुटक्याचा आवाज.

गोमती बाई मोठी खमकी. भुताखेतांना ती माशी हाकलावी तशी हाकलते. पण नवऱ्याला तिने इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

"आई कोठें जात नाहीं," ती म्हणाली. "ऊन पडूं दे. माती वाळूं दे. मग उकरूं, शोधूं, सोडूं. येवढेंच कीं."

"भिंत हलली तर घर जाईल, गोमती."

"जाऊं दे. सासू तहानेली ठेवून मज घर नको."

चैत्रात नदी आटली. उतार खडखडीत वाळला. स्वामीनाथ मेस्त्री दोन माणसं घेऊन आला. घराच्या पायाला धोका होणार नाही एवढाच, मधला तुकडा उकरायचं ठरलं. जानकीरामने माती खचू नये म्हणून फळ्यांचा आधार लावून घेतला आणि स्वतः कडेला उभा राहिला. गोमतीने पितळेची घागर भरून आणली.

दगड वर येऊ लागले. मुठीत मावतील असे. कडा झिजलेले. सगळे सारखेच. काळपट.

सगळे कोरडे. ओलीचा वाससुद्धा नाही.

"यांतला आईचा कोणता?" गोमती हळूच म्हणाली.

जानकीरामला ठाऊक नव्हतं. दगड तो. त्याला काय खूण असते? त्याने बराच वेळ ढिगाकडे पाहिलं. मग एक उचलला, ओंजळीत ठेवला आणि गोमतीला म्हणाला, पाणी घाल.

तिने बारीक धार धरली.

पाणी दगडावर पडलं आणि...

नाहीसं झालं.

ओघळलं नाही. बोटांतून गळलं नाही. त्याची ओंजळ कोरडी होती. आणि तळव्यात, अगदी बारीक, त्याला घुटका जाणवला.

"आई!"

तो दगड त्याने छातीशी धरला. गोमतीही रडू लागली. मेस्त्रीने डोक्याचं मुंडासं काढलं. सापडली. झालं. आता नदीला पाणी आलं की सोडायची, आणि सुटली ती. जानकीराम हसत होता, रडत होता, त्याला काही सुधरत नव्हतं.

त्या आनंदात गोमतीने घागर खाली ठेवली. ती कलंडली. उरलेलं सगळं पाणी दगडांच्या ढिगावर सांडलं.

आणि...

जमीन ओली झाली नाही.

एक थेंब खाली पोचला नाही. ढीग तसाच, कोरडा, उन्हात.

मग तो आवाज आला. एका घशाचा नाही. अनेक. म्हातारे, बायका, एखादं लहान मूल असावं असा बारीक. सगळे एकदम पीत होते.

उकरणारी दोन माणसं फावडी टाकून पळाली. मेस्त्री तेवढा जागेवर राहिला.

"हे दगड आणले कुठून?" जानकीरामने त्याला तमिळमध्ये विचारलं.

"ट्रॅक्टरवाल्याने टाकले, सार. जुन्या घाटाखालून. नदी आटली की तिथं ढीगच्या ढीग मिळतात म्हणाला."

जानकीरामने हातातला दगड उलटून पाहिला.

कारण आमच्या नदीत दगड नसतो. वाळू असते, गाळ असतो. आमच्या मुलखात खडी लागली तर ती दुरून लॉरीने येते. मग घाटाखाली दगडांचा ढीग कुठून आला? तिथे एकेक दगड कोणीतरी हातात धरून आणला होता. दहाव्या दिवशी. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, नाव घेऊन सोडला होता.

पाण्यात निजलेले ते सगळे, ट्रॅक्टरने उचलून याच्या भिंतीमागे कोरड्यात आणून घातले होते. आयुष्यभर बांधकाम केलेल्या माणसाने एकदासुद्धा विचारलं नव्हतं की हे गोटे कुठले.

त्याच्या हातातला दगड आईचा होता की कोणाचा?

त्याने गोमतीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती ढिगापाशी गुडघ्यांवर बसली होती आणि एकेक दगड उचलून, पदराने पुसून, बाजूला ठेवत होती.

"गोमती?"

"माझ्या अप्पाचा दहावा त्याच घाटावर केलों ना आम्ही," ती म्हणाली.

पुढे त्यांनी वर निघालेले सगळे दगड व्हॅनमध्ये भरून पूम्पुहारला नेले आणि समुद्रात सोडले. जेवढी नावं आठवली तेवढी घेतली. बाकीच्यांना नुसताच नमस्कार केला. चर खडीने भरून टाकला.

पण निघाला होता तो मधलाच तुकडा. दोन्ही बाजूंचे दगड भिंतीमागेच आहेत. तिथे उकरलं तर घराचा पायाच चरात येईल. आत्या समुद्रात गेली की अजून त्या भिंतीमागे आहे, हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून दोघं रोज दुपारी पाणी घालतातच.

मुलगा शशांक बंगळूरला असतो. तो फोनवर सारखा मागे लागतो, घर विका आणि इकडे या. जानकीरामचं वय झालं, घागर उचलवत नाही. मध्यंतरी तो तयार झाला होता. चार महिने तरी जाऊ म्हणाला.

गोमतीने पिशवीसुद्धा काढली नाही.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "येथें अप्पाला पाणी कोण देईल?"

मग तोही गेला नाही.

मी मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले होते. जेवणं खोळंबली होती. मागच्या अंगणात दोघं म्हातारी माणसं भिंतीवर ओणवून पाणी घालत होती आणि हळूहळू काहीतरी बोलत होती. घरात आल्यावर गोमतीने माझ्यापुढे गार पाण्याचा पेला ठेवला.

मी उन्हातून गेले होते, घसा सुकला होता. पण बाहेरून अजून घुटक्यांचा आवाज येत होता.

मला तो पेला तोंडाला लावता आला नाही. उठून मागे गेले, आत्याचं नाव घेतलं आणि ते पाणी भिंतीमागे ओतलं.