सेन्सिबल नाक

चष्म्याची दांडी तुटली, म्हणून मी त्या दुकानात शिरले. नवा चष्मेवाला माझ्याच वयाचा होता. त्याने माझा चष्मा उतरवला, नाकावरचे दोन लाल वळ निरखले आणि इंग्रजीत अडखळत म्हणाला, "तुमचं नाक... फार सेन्सिबल आहे."

"आभारी आहे," मी म्हटलं. "बाकीची मी तेवढी समंजस नाही."

तो गडबडला. त्याची मातृभाषा फ्रेंच. तिच्यात सेन्सिबल म्हणजे नाजूक, हळवं. इंग्रजीत मात्र समंजस! मी पडले इंग्रजीची शिक्षिका – समजावून सांगितल्याशिवाय राहवेना.

"मला शिकवाल?" त्याने विचारलं. "दोन महिन्यांनी इंग्रजीची परीक्षा आहे. नापास झालो, तर हे काम सोडून परत जावं लागेल."

मग रोज दुपारच्या सुट्टीत, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली आमची शिकवणी सुरू झाली.

"अ‍ॅक्चुअली म्हणजे 'सध्या' नव्हे, 'खरं तर'," मी बजावायचे.

"अ‍ॅक्चुअली, तुम्ही रागावलात की छान दिसता. बरोबर?"

"व्याकरण बरोबर आहे."

"आणि अर्थ?"

"...वहीत बघा."

एका शुक्रवारी जाताजाता तो म्हणाला, "उद्या चार वाजता लायब्ररीत भेटायचं? अभ्यासाला नाही... असंच."

शनिवारी ठेवणीतला ड्रेस घालून मी लायब्ररीत दोन तास बसले. एकच मासिक तीनदा वाचलं. तो आलाच नाही! घरी पोचते तोच त्याचा मेसेज – 'आय हॅव अ ग्रेट डिसेप्शन.'

डिसेप्शन? म्हणजे फसवणूक!

मी आत्याकडे राहते. तिने विणकाम बाजूला ठेवून मेसेज वाचला. "लग्न झालेलं असणार," ती म्हणाली. "दोन मुलंही असतील."

रविवारभर घास गोड लागला नाही. सोमवारी तरातरा दुकानात गेले. "सांगा, कसली फसवणूक केलीत?"

"मी?" तो थक्क झाला. "मी पुस्तकांच्या दुकानात दोन तास उभा होतो! मालकाने शेवटी मला स्टूल दिलं. तुम्हीच आला नाहीत!"

त्याच्या भाषेत 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. आणि 'डिसेप्शन' म्हणजे – घोर निराशा.

मी डोळे तपासायच्या खुर्चीत मटकन बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडू कधी आलं, कळलंच नाही. त्याने काचा पुसायचं मऊ फडकं हळूच पुढे केलं.

तो परीक्षा पास झाला. निकाल घेऊन संध्याकाळी थेट घरी आला. आत्यासमोर ताठ उभा राहिला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आय... डिमांड युअर हँड."

"डिमांड नाही," माझ्या आतली शिक्षिका गप्प बसेना. "फ्रेंचमध्ये ते नुसतं विचारणं असेल, इंग्रजीत डिमांड म्हणजे हट्टाने मागणं. नुसतं विचारायचं असेल, तर आस्क म्हणतात."

त्याने क्षणभर विचार केला. "मग डिमांडच."

"अगं, बरोबरच बोलतोय तो!" आत्या कडाडली. "आपल्या भाषेत मागणीच घालतात ना? चुका कसल्या काढतेस, उत्तर दे!"

"हो," मी म्हटलं. इतक्या हळू, की मला परत एकदा म्हणावं लागलं.

आत्या चहा टाकायला उठली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वयंपाकघराचं दार आतून ओढून घेतलं.