रक्तप्रहरी

मिरजेच्या प्रयोगशाळेत गिरिधर टिळेकर पडद्यासमोर बसले होते आणि पडद्यावरचं चित्र त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. त्यांच्या मुलीच्या, ऋजुताच्या रक्तात फिरणारे लाखो रक्तप्रहरी तिथे हिरव्या ठिपक्यांसारखे दिसत होते. ते ओटीपोटात गोळा होत होते. काम तर त्यांना डोक्यात नेमून दिलेलं होतं.

रक्ताची वाट साधी असते. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, केसाहून बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात त्याचा जोर ओसरतो, मग नीला ते परत आणते. काहींच्या मेंदूत एखाद्या जागी हे जाळं जन्मतःच नसतं. तिथे रोहिणी थेट नीलेला जोडलेली असते, जोराचं रक्त पातळ नीलेत घुसतं आणि एखाद्या दिवशी ती फुटते. टिळेकरांनी बनवलेले हे धुळीच्या कणाहून लहान प्रहरी अशी जागा हुडकत आणि एकमेकांना धरून तिथे बांध घालत. ऋजुताच्या मेंदूतली अशीच एक गाठ त्यांनीच दीड वर्षापूर्वी बुजवली होती. त्यानंतर नऊ हजार रुग्ण झाले, तक्रार एकही नाही. हे सांगताना टिळेकर जरा फुगत, आणि फुगायचा त्यांना हक्कही होता.

दुसरी गाठ असावी, असं त्यांनी डॉ. निलोफर मुजावरांना सांगितलं. मुजावर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञ, त्यांच्या वीस वर्षांच्या सहकारी. त्यांनी ती जागा मोठी करून पाहिली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"ही गाठ नाही, टिळेकर. वार आहे, गर्भाची. आईच्या रोहिण्या वारेत उघड्या तोंडाने रक्त सोडतात आणि नीला ते उचलतात. आईच्या बाजूला मधे जाळं नसतंच. निसर्गानेच ठेवलेलं नाही."

"म्हणजे ऋजुता..."

"हो. आणि प्रहरींच्या लेखी तो दोष आहे."

दोष ओळखायचा नियम टिळेकरांनी स्वतः लिहिला होता. रोहिणी आणि नीला यांच्या मधे जाळं नसेल तर जागा बुजवा, असा एका वाक्याचा नियम, त्याचं फार कौतुक झालं होतं. चाचण्यांमध्ये तरुण बायका घेतल्या नव्हत्या, उगाच धोका नको म्हणून. काळजीच घेतली होती, दुसरं काय.

तपासणीसाठी आलेली ऋजुता बाहेरच बसली होती. मुजावरांनी तिला आत घेऊन सरळ विचारलं. अकरावा आठवडा चालू होता. तीन महिने भरेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं, म्हणून तिने माहेरीही कळवलं नव्हतं. मग तिला काय झालंय ते मुजावरांनी सांगितलं. वारेकडच्या रोहिण्यांची तोंडं दहाव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ बंद असतात. ती उघडली की प्रहरींना जागा सापडते, आणि चार-पाच दिवसांत बांध पुरा होतो.

ऋजुता पांढरी पडली. "हे दुसऱ्यांदा आहे," ती म्हणाली. "आधीचंही याच सुमाराला गेलं. राहिल्याचंच सांगितलं नव्हतं, मग गेल्याचं काय सांगणार?" आणि बापाकडे वळून म्हणाली, "थांबवा ना त्यांना, बाबा."

प्रहरींना थांबवायची आज्ञा एकच होती, सगळ्यांना मिळून. ती दिली की डोक्यातला बांधही सुटणार होता. गाठ इतकी खोल होती की शस्त्रक्रियेला सर्जनांनी तेव्हाच नकार दिला होता. मुलगी की नातवंड, एवढंच टिळेकरांच्या हातात उरलं होतं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"नाही थांबवता येत," ते म्हणाले.

ती रडली. त्यांनी खांद्यावर ठेवलेला हात तिने झटकून टाकला. बऱ्याच वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, "तक्रार एकही नाही म्हणता. त्या नऊ हजारांत माझ्या वयाच्या किती आहेत?"

अठराशे होत्या. टिळेकरांनी यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला. ती सांगोल्याची एक शिक्षिका होती. डोकं आता अगदी ठीक आहे, तुमचे उपकार आहेत सर, असं ती भरभरून बोलली. टिळेकरांनी तिला बोलू दिलं. मग जमेल तितक्या हळुवारपणे विचारलं, की उपचारानंतर कधी दिवस राहून तिसऱ्या महिन्यात काही झालं होतं का.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सर," ती म्हणाली, "हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"